मोडशी, विहीर आणि जांभळे स्फटिक

यंदा चवथीच्या आधी गावच्या घराचा माळा साफ करायला घेतला. दर वर्षी घेतो आणि दर वर्षी अर्ध्यावर सोडतो. या वेळी मात्र नेटाने शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचलो. तिथे आजोबांची पत्र्याची पेटी होती. आत एक गंजलेले पाते, दोरीचा गुंडाळा, जुने चष्मे आणि घट्ट बुचाची एक तपकिरी बाटली. बाटलीत काळपट जांभळे, सुईसारखे चकाकणारे खडे होते. बूच उघडताना थोडी पूड बोटांना लागली. हात ओले होते. बघता बघता बोटे जांभळी झाली आणि थोड्या वेळाने चक्क तपकिरी पडली. साबण झाला, नारळाच्या काथ्याने घासून झाले, डाग हलेना. दुसऱ्या दिवशी ऑफिसात शिपायाने विचारले, "साहेब, मतदान कधी झाले?"

मी हसलो, पण डाग जाईपर्यंतचे पाच-सहा दिवस ती बाटली डोक्यातून गेली नाही. आजोबा त्या खड्यांना पोर्तुगीज धाटणीने 'पेरमांगानात' म्हणत, आम्ही मुले 'लाल औषध' म्हणायचो. नाव पोटॅशियम परमँगनेट. मी कला शाखेचा माणूस. आवक-जावक नोंदवह्यांत अर्धे आयुष्य गेलेले. रसायनशास्त्राने माझी पाठ दहावीनंतर सोडली आणि मी त्याची. तरीही या खड्यांचा माग काढत गेलो तेव्हा वाट एकदम चार-साडेचार शतके मागे, थेट आपल्या जुन्या गोव्यात जाऊन पोहोचली. ती हकिगत आज तुमच्यासमोर ठेवतो.

आधी थोडे आजोबांविषयी. आमच्या घरामागे चिऱ्यांनी बांधलेली विहीर आहे. वाड्यावरची सात-आठ घरे तिचे पाणी प्यायची. पावसाळा सुरू झाला आणि विहीर तुडुंब भरली की आजोबा एका संध्याकाळी बादलीत पाणी घ्यायचे, त्यात चिमटी-चिमटीने खडे टाकून काठीने ढवळायचे आणि ते गडद जांभळे पाणी विहिरीत ओतायचे. आम्ही काठावरून वाकून बघायचो. पाण्यात जांभळे ढग पसरत जायचे. मग आजोबा पोहऱ्याने पाणी वर-खाली करायचे आणि काचेच्या पेल्यात थोडे काढून उजेडासमोर धरायचे. रंग फिकट गुलाबी राहिला तर मान हलवायचे. नाहीसा झाला तर, "पोटात अजून घाण आहे," असे विहिरीलाच उद्देशून म्हणायचे आणि आणखी खडे घालायचे. त्या रात्री पाणी काढायचे नाही असा वाड्याला दंडक होता. हे काम त्यांनी कधी कोणावर सोपवले नाही. त्याचे कारण पुढे येईल.

आता हा रंगाचा खेळ काय आहे ते बघू. मला समजले ते माझ्या कारकुनी भाषेत सांगतो, जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

परमँगनेटच्या कणात मध्यभागी मँगनीजचा एक अणू असतो आणि त्याच्या भोवती ऑक्सिजनचे चार. रसायनशास्त्राच्या खातेवहीत या मँगनीजच्या नावावर सात इलेक्ट्रॉनांची तूट लिहिलेली असते. सातापर्यंत तूट जाणे म्हणजे मँगनीजच्या बाबतीत शेवटची पायरी. असा अणू स्वस्थ बसत नाही. समोर जो येईल त्याच्याकडून इलेक्ट्रॉन ओढून आपले खाते भरायला बघतो. दुसऱ्याचे इलेक्ट्रॉन असे काढून घेण्यालाच ऑक्सिडीकरण म्हणतात. लोखंड गंजते, लाकूड जळते, कापलेले सफरचंद काळे पडते, ही सगळी त्याचीच हळू किंवा जलद रूपे. परमँगनेट हे काम गार पाण्यात, ज्योतीशिवाय करते. एका अर्थी ते थंड पाण्यातले जाळणेच.

गंमत अशी की किती वसुली झाली ते रंगावरून कळते. पाणी आम्लयुक्त असेल तर मँगनीजला पाच इलेक्ट्रॉन मिळतात आणि रंग जवळजवळ नाहीसा होतो. साध्या पाण्यात तीनच मिळतात आणि तपकिरी मँगनीज डायऑक्साइडचा गाळ तयार होतो. माझ्या बोटांवर बसला होता तो हाच. कातडीकडून तीन इलेक्ट्रॉन घेऊन मँगनीज तिथेच मुक्कामाला राहिले होते. पाणी तीव्र अल्कधर्मी असेल तर एकाच इलेक्ट्रॉनावर समाधान आणि रंग हिरवा. जांभळा, तपकिरी, हिरवा, बेरंग अशी रूपे बदलणाऱ्या या पदार्थाला जुन्या युरोपीय रसायनज्ञांनी खनिज सरडा असे नाव दिले होते, ते उगीच नव्हे.

हा सरडा पहिल्यांदा दिसला तो १६५९ मध्ये, योहान रुडोल्फ ग्लाउबर या जर्मन रसायनज्ञाला. त्याने पायरोलुसाइट नावाचे काळे खनिज पोटॅशियम कार्बोनेटबरोबर, म्हणजे लाकडाच्या राखेतून मिळणाऱ्या क्षाराबरोबर, वितळवले. तो गोळा पाण्यात टाकल्यावर पाणी हिरवे झाले, मग हळूहळू जांभळे आणि शेवटी लालसर. आजचे कारखानेही मुळात याच वाटेने जातात. खनिज अल्कलीबरोबर हवेत तापवून आधी हिरवा मँगनेट करायचा आणि मग विजेच्या साहाय्याने त्याचा जांभळा परमँगनेट. पायरोलुसाइट म्हणजे मँगनीजचे खनिज, आणि मँगनीज आपल्याला परके नाही. सांगे-केपे भागातल्या डोंगरांत लोहखनिजाच्या जोडीला तेही निघत आले आहे, आणि मुरगाव बंदरातून बोटी भरभरून बाहेर गेले आहे.

ग्लाउबरनंतर जवळजवळ दोनशे वर्षे हा पदार्थ प्रयोगशाळेतले नवल म्हणूनच राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्याला दोन कामे मिळाली. पहिले मोजण्याचे. १८४६ मध्ये मार्गरीत या फ्रेंच रसायनज्ञाने द्रावणातले लोखंड मोजायला त्याचा वापर केला. थेंब थेंब परमँगनेट टाकत जायचे. लोखंड शिल्लक आहे तोवर प्रत्येक थेंबाचा रंग नाहीसा होतो. लोखंड संपले की पुढचा थेंब गुलाबीच राहतो. किती थेंब लागले यावरून हिशोब करायचा. तीन वर्षांनी, १८४९ मध्ये, डेन्मार्कच्या फोर्खहामर याने हीच युक्ती पाण्याला लावली. पाण्यात कुजलेले, सेंद्रिय असे जितके जास्त, तितके ते परमँगनेट जास्त खाते. म्हणजे पाण्याची घाण मोजायची काठी मिळाली. आजोबा पेला उजेडासमोर धरून नेमके हेच करत होते. त्यांनी फोर्खहामरचे नावही ऐकले नसेल.

दुसरे काम औषधाचे. लंडनच्या हेन्री बोलमन काँडी याने १८५७ मध्ये परमँगनेटच्या द्रावणाचे पेटंट घेतले आणि 'काँडीज फ्लुइड' नावाने ते विकायला सुरुवात केली. जखम धुवा, गुळण्या करा, गटारात ओता, एकच बाटली सगळ्याला. त्या काळी रोग हवेतल्या दुर्गंधीने होतात असा पुष्कळांचा समज होता, आणि परमँगनेट दुर्गंध खरोखरच मारते, कारण वास देणारे पदार्थ ते जाळून टाकते. तेव्हा या औषधाची ख्याती चुकीच्या समजुतीवर पण खऱ्या अनुभवावर उभी राहिली. असे आपल्याकडेही बऱ्याच गोष्टींचे होते. असो.

इथे आता पटकी येते. आणि पटकी म्हटले की गोव्याला टाळून पुढे जाता येत नाही.

पणजीत चर्चजवळ म्युनिसिपल उद्यान आहे. त्याला गार्सिया द ऑर्ता याचे नाव आहे. दुपारचा डबा मी कधी कधी तिथल्या बाकावर खातो. हा ऑर्ता पोर्तुगीज वैद्य. १५३४ मध्ये गोव्यात आला आणि इथलाच होऊन राहिला. हिंदुस्थानातल्या औषधी द्रव्यांवर त्याने संवादरूपाने लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात एका भयंकर रोगाचे वर्णन आहे. जुलाब आणि उलट्या, थंड पडलेले अंग, आत गेलेले डोळे, हाताला न लागणारी नाडी, पायात गोळे. इथले लोक या रोगाला काय म्हणतात तेही त्याने नोंदवले आहे. तो शब्द म्हणजे आपली मोडशी! पोर्तुगिजांच्या तोंडी तिचे 'मोर्देशी' झाले आणि फ्रेंचांनी तर पुढे 'मोर-द-श्यँ' केले. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ होतो कुत्र्याचे मरण. माणूस मोडून पडतो म्हणून मोडशी, या साध्या देशी शब्दाला कानाच्या चुकीने असा भीषण अर्थ चिकटला. आज मराठीत मोडशी म्हणजे फार तर अपचन. शब्द सौम्य झाला, कारण ते दिवस गेले.

ते दिवस कसे होते याची कल्पना गास्पार कुर्रैया या इतिहासकाराच्या लिखाणातून येते. १५४३ मध्ये गोव्यात या रोगाची अशी साथ आली की मृतांसाठी वाजणाऱ्या चर्चच्या घंटा थांबेनात. शेवटी लोक घाबरू नयेत म्हणून गव्हर्नराने त्या घंटा वाजवायलाच बंदी केली. रोग थांबवता येईना, तेव्हा आवाज थांबवला. सरकारी नोकरीत इतकी वर्षे काढल्यावर हा हुकूम मला अजिबात परका वाटत नाही.

जुने गोवे शहर पुढे साथींमागून साथींनी ओस पडले. एवढ्या दाट वस्तीची घाण झिरपून विहिरींत उतरत असणार, असे अनेक इतिहासकारांचे म्हणणे आहे. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने राहण्याचे ठिकाण पणजीला हलवले आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. आपली ही नदीकाठची राजधानी एका अर्थाने खराब पाण्याची देणगी आहे.

पटकी पाण्यातून पसरते हे लंडनमध्ये जॉन स्नो याने १८५४ साली ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाच्या उदाहरणाने दाखवले. रॉबर्ट कॉख याने १८८४ मध्ये कलकत्त्याला पटकीचा स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू रोग्यांत आणि तळ्याच्या पाण्यातही दाखवून दिला. मग प्रश्न उभा राहिला तो हिंदुस्थानातल्या असंख्य विहिरींचा. त्या निर्जंतुक कशा करायच्या?

उत्तर दिले अर्नेस्ट हॅनबरी हॅन्किन या इंग्रज जंतुशास्त्रज्ञाने. १८९२ मध्ये तो आग्र्याला सरकारी रसायन परीक्षक आणि जंतुशास्त्रज्ञ म्हणून आला. माणूस विलक्षण होता. गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात असे त्याने १८९६ मध्ये लिहिले, घारी-गिधाडांच्या उडण्यावर पुस्तक केले, आणि मुसलमानी इमारतींवरच्या भौमितिक नक्षीची आखणी कशी होते तेही शोधून काढले. याच हॅन्किनने साथीच्या काळात विहिरींत परमँगनेट टाकण्याची मोहीम चालवली. खडे स्वस्त, पोत्यातून नेता येतील असे, आणि वापरायला शिक्षण लागत नाही. पाणी गुलाबी होऊन रंग काही वेळ टिकला की पुरे. पटकीचा जंतू तसा नाजूक, परमँगनेटपुढे टिकत नाही. शिवाय दुसऱ्या दिवशी पाणी गुलाबी दिसले की लोक आपण होऊन त्या विहिरीपासून दूर राहत, तेवढाही फायदाच. सरकारी योजनेत अशी सोपी गोष्ट क्वचितच सापडते, म्हणून ती देशभर पसरली. विसाव्या शतकात ती शाळामास्तर, तलाठी, जमीनदार अशा लोकांच्या हाती आली आणि कधीतरी आमच्या आजोबांच्या पेटीत.

पण या गुलाबी रंगाला एक खोट आहे, आणि ती त्याच्या गुणातूनच आलेली आहे. परमँगनेट निवड करत नाही. त्याला इलेक्ट्रॉन हवेत, ते कोणाचे याच्याशी देणेघेणे नाही. विहिरीत पडलेली फणसाची पाने, त्यांतून उतरलेला कस, चिऱ्यातून झिरपलेले लोह, शेवाळ, मेलेला बेडूक, या सगळ्यांची वसुली होते आणि जंतूंच्या वाट्याला राहिले तर राहिले. म्हणजे विहीर जितकी घाण तितके औषध निकामी. रंग टिकला म्हणजे खाण्याजोगे बरेच काही संपले एवढाच अर्थ. सगळे जंतू मेले असा त्याचा अर्थ नव्हे. पटकीचा जंतू मरतो, पण इतर कित्येक चिवट जंतू त्या फिकट गुलाबी पाण्यात तग धरून राहतात. आणि सकाळी कोणी शेण लागलेला पोहरा आत सोडला की रात्रीची मेहनत गेलीच. म्हणून सार्वजनिक आरोग्याच्या पाठ्यपुस्तकांनी पुढे विहिरींसाठी परमँगनेट नको, ब्लीचिंग पावडर घ्या असे सांगायला सुरुवात केली. तीही ऑक्सिडीकरण करणारीच, पण जंतुनाशनाला अधिक भरवशाची. हिशोब असा की चांगल्या प्रतीची पावडर १,००० लिटर पाण्याला साधारण अडीच ग्रॅम. आमची विहीर अडीच मीटर व्यासाची. तीत तीन मीटर पाणी असेल तर ते होते १४,७०० लिटर. म्हणजे साधारण ३७ ग्रॅम पावडर, आणि निदान तासभर थांबायचे. एवढ्याशा पुडीने भागते हे बघून मला नवल वाटले. पावडर मात्र ताजी हवी. उघडी राहिली की तिच्यातला क्लोरीन उडून जातो आणि उरतो तो नुसता चुना.

पेटीतल्या त्या गंजलेल्या पात्याचे सांगायचे राहिले. ते सांगताना मला थोडे जड जाते.

आमच्या कुळागरात काम करणारा एक गडी होता. त्याच्या उजव्या हाताचे एक बोट अर्धेच होते. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी सुपारी गोळा करताना त्याला साप चावला. आजोबांनी दोरीने हात आवळला, पात्याने चीर दिली आणि जखमेत परमँगनेटचे खडे भरून चोळले. माणूस वाचला. बोट काळे पडले आणि पुढे कापावे लागले. तो गडी म्हातारपणीही ही गोष्ट अभिमानाने सांगायचा. "बोट गेलें, पूण जीव उरलो न्हय!" असे म्हणून आजोबांकडे हात जोडायचा. आजोबा आमच्या लेखी देव झाले होते.

आजोबांनी हे मनाने केले नव्हते. १८८१ मध्ये ब्राझीलच्या लासेर्दा या संशोधकाने जाहीर केले होते की परमँगनेट सापाचे विष निकामी करते. १९०४ मध्ये ब्रन्टन, फेरर आणि रॉजर्स या नामवंत इंग्रज डॉक्टरांनी ही पद्धत पुढे आणली. एका टोकाला लहान पाते आणि दुसऱ्या टोकाला खड्यांची कुपी असे एक साधनच निघाले आणि ते हिंदुस्थानात वाटले गेले. आजोबांची पेटी म्हणजे त्या साधनाची घरगुती आवृत्ती. शास्त्र वरवर बिनचूक होते. विष हे प्रथिनांचे बनलेले, परमँगनेट प्रथिने जाळते. काचेच्या नळीत दोन्ही एकत्र केली की विष खरोखर मरते. पण माणूस म्हणजे काचेची नळी नव्हे. चावा झाला की विष मांसात पसरायला लागते, आणि वरून चोळलेल्या खड्यांना विष कोणते आणि माणूस कोणता हे कळत नाही. ते समोर असलेले मांस जाळत बसतात. पुढच्या प्रयोगांत ही पद्धत निरुपयोगी ठरली. आज डॉक्टर बजावून सांगतात की कापू नका, आवळून बांधू नका, काही चोळू नका. चावलेला अवयव हलू न देता रुग्णाला ताबडतोब इस्पितळात न्या, कारण खरा उतारा म्हणजे प्रतिविष, ते तिथेच मिळते.

मी एका ओळखीच्या डॉक्टरांना ती जुनी हकिगत सांगितली. ते म्हणाले, साप विषारी होता की नाही हे आता कोणी सांगू शकणार नाही. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी, आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असे नाही. "पण बोट," ते म्हणाले, "दोरीने आणि औषधाने गेले असण्याची शक्यता पुष्कळ आहे." मी घरी येऊन हे कोणाला सांगितले नाही. आज इथे लिहितो आहे. तो गडी नाही, आजोबाही नाहीत. त्या माणसाने जन्मभर हात जोडले ते कशासाठी, हा प्रश्न तेवढा माझ्याकडे राहिला आहे.

आता विहिरीचे कारण. आजोबांना एक धाकटी बहीण होती. आजोबा सात-आठ वर्षांचे असताना ती पटकीने गेली. त्यांनी हे मला एकदाच सांगितले, विहिरीच्या काठावर, पेला हातात असताना. ती रात्रभर पाणी मागत होती. कोणी दिले नाही. पाणी पोटात गेले की उलटी होते, म्हणून पटकीच्या रोग्याला पाणी द्यायचे नाही अशी तेव्हा सगळीकडे समजूत होती, डॉक्टरांतही होती. पहाटे तिचे मागणे थांबले. एवढे सांगून आजोबांनी पेल्यातले पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतले आणि पुन्हा खडे मोजायला घेतले.

पटकी माणसाला मारते ती कशाने? पटकीचा जंतू एक विष तयार करतो, त्याने आतडे शरीरातले पाणी आणि क्षार बाहेर टाकत राहते. कलकत्त्याच्या शंभूनाथ डे यांनी हे विष १९५९ मध्ये दाखवून दिले. रोगी मरतो तो सुकून. मघाचे रॉजर्स १९०८ च्या सुमारास कलकत्त्याला पटकीच्या रोग्यांना शिरेतून मिठाचे पाणी देत होते आणि जोडीला पोटात परमँगनेटही. मृत्यू पुष्कळ घटले. यश मिठाच्या पाण्याचे होते. परमँगनेट नुसते सोबतीला होते. पुढे कळले की आतड्याला पाण्याबरोबर मीठ आणि साखर एकत्र दिली की ते ती शोषून घेते, अगदी पटकी ऐन भरात असतानाही. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, सलाईनच्या बाटल्या संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्याच हातांनी रोग्यांना पाजले. मृत्यूंचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास होते ते चारच्याही खाली आले. २०२२ मध्ये ते वारले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. आज ओआरएसची पुडी कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळते. पुढच्या प्रयोगांत साखरेऐवजी तांदळाचे पीठ वापरूनही असे पाणी करून बघितले, आणि पटकीत तेही उत्तम ठरले.

तांदळाचे नाव वाचले आणि मी पुन्हा ऑर्ताकडे गेलो. मोडशीवर इथले लोक काय उपाय करतात हेही त्याने लिहून ठेवले आहे. पायाला डागणी देतात, डोळ्यांत पिंपळी घालतात. वाचताना अंगावर काटा येतो. पण त्याच यादीत आणखी एक उपाय आहे. रोग्याला मिरी-जिरे घातलेले तांदळाचे पाणी प्यायला देतात, आणि त्याला 'कांजे' म्हणतात.

म्हणजे आपली पेज. रोज दहा-साडेदहाला घरोघरी उकळणारी पेज. १५६३ साली गोव्यातच छापलेल्या पुस्तकात ती नोंदलेली होती. त्या पेजेत चिमूटभर मीठ घालून ती घोट-घोट पाजली असती, तर कदाचित काही जीव राहिले असते. आजोबांच्या घरात त्या रात्री चुलीवर पेजेचे मडके असणारच. कोणत्या गोव्यातल्या घरात नसते? पण ती पाजायची नाही असे मोठ्यांनी, शहाण्यांनी सांगितले होते, आणि सात वर्षांच्या मुलाने ते ऐकले.

पुढे साठ वर्षे तो मुलगा दर पावसाळ्यात विहिरीत जांभळे खडे टाकत राहिला. त्याचे औषध अर्धेच बरोबर होते हे आज मी खुर्चीत बसून सांगू शकतो. पण आमच्या वाड्यावर त्या साठ वर्षांत पटकी आली नाही. ती खड्यांमुळे आली नाही, की दर वर्षी विहीर उपसून गाळ काढण्याच्या आजोबांच्या हट्टामुळे, की रात्री पाणी न काढण्याच्या त्या दंडकामुळे, हे वेगळे करून सांगता येणार नाही.

परमँगनेटला अजून काम आहे. ओल्या इसबावर त्वचारोगतज्ज्ञ आजही ते देतात, पण १०,००० भाग पाण्यात एक भाग, म्हणजे दहा लिटरला एक ग्रॅम. मोठ्या जलशुद्धीकरण प्रकल्पांत पाण्यातले लोह-मँगनीज काढायलाही ते वापरतात. घरात ठेवायचेच असेल तर मुलांपासून लांब आणि कोरडे ठेवा. ग्लिसरीन किंवा आम्लाजवळ तर ठेवूच नका. ग्लिसरीनशी गाठ पडली तर काही क्षणांत आपोआप पेट घेते.

मी ती बाटली फेकली नाही. पाते फेकले. बूच घट्ट लावून बाटली कपाटाच्या वरच्या खणात ठेवली आहे, शेजारी ओआरएसच्या चार पुड्या. विहिरीला आता ब्लीचिंग पावडर घालतो, मोजून. ती घातली की पाण्याला रंग येत नाही. माझा मुलगा काठावर येतो, वाकून बघतो आणि काही दिसत नाही म्हणून निघून जातो. या वेळी मी त्याला थांबवले आणि आजोबांच्या बहिणीची गोष्ट सांगितली. त्याने शांतपणे ऐकली आणि विचारले, "तिचे नाव काय होते?"

मला माहीत नव्हते. आजोबांनी सांगितले नव्हते, आणि मी विचारले नव्हते.